एकच साधा स्प्रेडशीट प्रोग्राम रोजच्या वापराला आणि मुरलेल्या मंडळींना, दोघांनाही पुरेल का?

मोजपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी आणि एक सहकारी फावल्या वेळात एक छोटा स्प्रेडशीट प्रोग्राम लिहितोय. नाव अजून ठरलेलं नाही, त्यामुळे ही जाहिरात समजू नये. आत्ता त्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो. क्लिक केल्याबरोबर उघडतो. रिबन-बिबन नाही, वर एकच पट्टी. साठेक फंक्शन्स: बेरीज, सरासरी, इफ, सम-इफ, काउंट-इफ, राउंड, तारखांची काही, मजकूर तोडण्या-जोडण्याची काही आणि एक लुकअप (यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारं). सॉर्ट, फिल्टर, वरची रो गोठवणं, तीन प्रकारचे चार्ट. मॅक्रो (कामं आपोआप करून घ्यायचे छोटे प्रोग्राम) नाहीत, पिव्होट (यादी उलटसुलट मांडून बघायची सोय) नाही, एकाच वेळी अनेकांनी एका फाइलवर काम करणं नाही.

ओळखीतल्या काही जणांना वापरायला दिला. एकीने सांगितलं, "बस्स, मला एवढंच हवं होतं." दुसऱ्याने थोडी खुडबुड केली आणि "हे खेळणं आहे" म्हणून बंद केला. गंमत म्हणजे दोघंही दिवसभर स्प्रेडशीटमध्येच असतात.

तर प्रश्न असा, की एका प्रोग्रामने दोघांचं भागेल, की एकाला सोडून द्यावंच लागेल? आणि सोडायचं तर नेमकं काय? 'अमुक फुकट मिळतं, ते वापरा' एवढंच सांगायला कोणी येऊ नये ही विनंती. फुकट काय काय मिळतं ते आम्हालाही ठाऊक आहे.

निवांत

मी अगदी साधी वापरकर्ती, त्यामुळे माझी यादीही साधीच. (१) दुसरीकडून मजकूर पेस्ट केला की त्याचे रंग आणि फॉन्ट बरोबर येऊ नयेत. (२) प्रिंट काढताना शेवटचा एकटा कॉलम दुसऱ्या पानावर जाऊ नये. (३) सॉर्ट करताना एकच कॉलम हलून बाकीचे जागच्या जागी राहू नयेत. नावं एकीकडे आणि त्यांचे आकडे भलतीकडे, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्यालाच कळेल. त्यातून फाइल सेव्ह करून बंद केली असेल तर संपलंच.

फंक्शन्स साठ आहेत की सहाशे, मला फरक पडत नाही. मी चार वापरते.

जुनाखेळाडू

हा वाद नवा नाही, म्हणून थोडा इतिहास. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी अ‍ॅपल टू साठी व्हिझीकॅल्क आणलं. ६३ कॉलम, २५४ रो, बस. पण ते चालवण्यासाठी लोकांनी कॉम्प्युटर विकत घेतले. मग १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं. त्यात चार्ट होते, यादी हाताळण्याची सोय होती आणि ते आयबीएम पीसीवर वेगाने पळायचं. व्हिझीकॅल्क बघता बघता मागे पडलं. १९८५ मध्ये एक्सेल मॅकिन्टॉशवर आलं, १९८७ मध्ये विंडोजवर, आणि नव्वदीत लोटसची तीच गत झाली.

प्रत्येक स्प्रेडशीट जन्मताना साधीच असते. लोक वापरायला लागले की मागण्या येतात आणि मागण्या पुरवल्या की ती साधी राहत नाही. धागाकर्त्यांनी आज 'नाही' म्हटलेल्या तीन गोष्टी दोन वर्षांनी त्यात असतील, मी लिहून देतो.

शून्यवजा

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर रात्री. तूर्तास इतकंच: 'मुरलेल्या' मंडळींनी स्प्रेडशीट सोडून पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) किंवा एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) यांच्याकडे जावं. म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

सूत्रधार

तो "खेळणं आहे" म्हणणारा मी नाही, पण त्याची बाजू मांडतो. माझं काम आर्थिक मॉडेलिंगचं आहे. मला नवीन प्रोग्राम दिला तर फंक्शन्सची यादी मी नंतर बघेन. आधी बघेन हात कसा चालतो ते. कंट्रोल धरून बाण दाबला की डेटाच्या टोकाला जातो का? एफ-२ ने सेलमध्ये शिरता येतं का? एफ-४ ने सेलचा पत्ता पक्का करणारे डॉलर लागतात का? फॉर्म्युला लिहितालिहिता बाणांनीच दुसऱ्या शीटवर जाऊन सेल निवडता येतो का? माउसला हात लावावा लागला की माझा वेग गेला. पाच मिनिटांत प्रोग्राम बंद करणाऱ्याला बहुतेक हेच खटकलं असणार, आणि त्याला ते शब्दांत सांगता आलं नसेल, कारण या गोष्टी आम्ही बोटांनी करतो, मनात त्यांची नावंही नसतात.

हे नीट जमलं तर प्रोग्राम साधा राहूनही मला 'खेळणं' वाटणार नाही. नवख्या माणसाच्या डोळ्यांना यातलं काही दिसतही नाही, म्हणजे त्याची अडचणही नाही.

त्यानंतरची माझी गरज म्हणजे माग काढणं. हा आकडा कुठून आला आणि तो कुठे कुठे जातो? सेलवर उभं राहून एका कळीत हे दिसलं पाहिजे. दुसऱ्याची फाइल तपासताना माझा निम्मा वेळ यात जातो. चार्टचे चाळीस प्रकार मला नकोत.

मोजपट्टी

@सूत्रधार, खरंच धन्यवाद. कंट्रोल-बाण आहे, एफ-४ नाही (!), आणि फॉर्म्युला लिहिताना दुसऱ्या शीटवर गेलं की अर्धवट फॉर्म्युला पुसला जातो. हा शेवटचा प्रकार आम्हाला माहीत होता आणि 'नंतर बघू' च्या यादीत होता.

@निवांत, तुमचा तिसरा मुद्दा: आमच्याकडे चिकटून असलेला सगळा डेटा एकत्रच हलतो. एकच कॉलम सॉर्ट करायचा असेल तर तो मुद्दाम वेगळा निवडून पुन्हा 'हो' म्हणावं लागतं. प्रिंटचं मात्र अजून काहीच केलेलं नाही.

उभीआडवी

रोजचे काय आणि मुरलेले काय, दोघांचंही सर्वांत जास्त नुकसान एकाच गोष्टीने होतं, ती म्हणजे प्रोग्रामचा आगाऊपणा.

००४२ असा कोड टाइप केला की ४२ होतो. सामन्याचा निकाल म्हणून ३-४ लिहिलं की त्याची तारीख होते. सोळा आकडी क्रमांक पेस्ट केला की शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे पंधराच आकडे नेमके जपतं. नंतर तो कॉलम टेक्स्ट केला तरी गेलेला आकडा परत येत नाही. ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे तर कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं. एकच सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेला निव्वळ मजकूर) दोन मशीनवर उघडा, दोन वेगळे महिने मिळतील.

जीवशास्त्रातला किस्सा प्रसिद्ध आहे. सेप्ट१, मार्च१ अशी काही मानवी जनुकांची नावं होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. प्रकाशित शोधनिबंधांच्या पुरवणी फायलींत या तारखा वर्षानुवर्षं सापडत राहिल्या. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीच्या २०२० च्या नियमांत सेप्ट१ चं सेप्टिन१ आणि मार्च१ चं मार्चएफ१ झालं. म्हणजे प्रोग्राम बदलण्यापेक्षा जनुकांची नावं बदलणं सोपं पडलं! हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ मध्ये.

तुम्ही नव्याने लिहिताय तर इथे मोकळी पाटी आहे. अजून कुठला वाद असेल तो असो, हे आधी करा.

मोजपट्टी

पण मग तारीख ओळखायची कशी? कोणी १२/५ टाइप केलं आणि आम्ही ते निव्वळ मजकूर म्हणून ठेवलं, तर निवांत यांच्यासारख्यांना तारखेवर सॉर्ट करता येणार नाही. त्या परत माझ्याच नावाने ओरडतील.

उभीआडवी

टाइप करणं आणि फाइल आत घेणं, हे दोन वेगळे धरा. टाइप करताना माणूस समोर आहे. तारीख करा, पण सेलमध्ये 'मुळात काय टाइप केलं होतं' तेही साठवा, म्हणजे एका कळीत परत जाता येईल. आणि तारीख झाली असेल तर ती महिन्याच्या नावासकट दाखवा, म्हणजे चूक तिथल्या तिथे डोळ्यांत भरेल. सीएसव्ही आत घेताना मात्र अंदाज अजिबात नको. सगळं मजकूर म्हणून घ्या आणि एकेका कॉलमबद्दल विचारा: ही संख्या, तारीख, की आहे तसंच?

निवांत

मी ओरडत नाही हो. :)

पण 'मुळात काय टाइप केलं होतं' ही कल्पना आवडली.

शून्यवजा

रात्र झाली, आता सविस्तर.

एक्सेलची मर्यादा आज १०,४८,५७६ रो आणि १६,३८४ कॉलम आहे. २००७ च्या आधी ती ६५,५३६ रो आणि २५६ कॉलम होती. मर्यादा वाढली म्हणून काम करायची पद्धत सुधारली असं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले होते. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात भरला जात होता, तो साचा ६५,५३६ रोंवर भरला आणि पुढचं सांडलं. त्यामुळे त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध उशिरा सुरू झाला.

अशा कामांसाठी डेटाबेस असतात. एसक्यूलाइट ही एक फाइल असते, फुकट आहे, कुठेही चालते. ज्यांना लाखो रो लागतात, चार टेबलं जोडावी लागतात, त्यांना स्प्रेडशीटमध्ये थांबवून ठेवणं हे त्यांच्यावर उपकार नाहीत. धागाकर्त्यांनी सरळ सांगावं: हा प्रोग्राम छोट्या कामांसाठी आहे, मोठं काम असेल तर तिकडे जा. यात कमीपणा कसला?

सूत्रधार

@शून्यवजा, तुम्ही 'मुरलेला' म्हणजे 'ज्याच्याकडे डेटा जास्त' असं धरताय. माझ्या मॉडेलमध्ये हजार-दोन हजार रो असतात. त्यात एक गृहीतक बदललं की पाच वर्षांचा पसारा समोर हलताना दिसायला हवा. पायथनमध्ये आकडे आत दडलेले असतात, छापायला सांगितलं तर दिसतात. इथे प्रत्येक मधली पायरी उघडी असते आणि बैठकीत शेजारी बसलेला माणूस बोट ठेवून विचारू शकतो, हे कुठून आलं?

म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणून जो एक गठ्ठा बांधलाय, त्यात निदान दोन जाती आहेत. डेटा उपसणारे तुम्ही म्हणता तिकडे जावेत, मला मान्य आहे. मॉडेल बांधणारे कुठेही जाणार नाहीत, कारण जायला जागाच नाही.

शून्यवजा

हे पटलं. पण तुमच्या त्या उघड्या पायऱ्यांत चुका सापडतातच असं नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या कर्ज आणि आर्थिक वाढीवरच्या निबंधात सरासरीची रेंज ३० ते ४९ अशी हवी होती, ती ४४ लाच थांबली होती. पाच देश गणतीतून गळाले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ फाइल मागून घेतली तेव्हा ते उघडकीला आलं. निबंधावर इतर आक्षेपही होते, सगळा दोष या एका रेंजचा नव्हता. पण तीन वर्षं ती सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती.

सूत्रधार

तेच तर. फाइल मिळाल्यावर सापडली ना? आणि इथे प्रोग्रामला मदत करता येते. रेंजच्या लगेच खाली तसेच आकडे आहेत आणि रेंज अलीकडेच थांबलीय, हे ओळखणं कठीण नाही. एक्सेल अशा वेळी सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दाखवतं, पण इतक्या फालतू कारणांसाठी दाखवतं की कोणी बघत नाही. दोन-तीनच इशारे द्या, पण खरे द्या. हे मला हवं आहे, आणि निवांत यांना माझ्यापेक्षा जास्त हवं आहे.

तळटीप

बरेच दिवस रोमात (नुसतंच वाचत) होतो, आज लिहितोच.

'ऐंशी टक्के लोक वीस टक्केच सुविधा वापरतात, तेवढ्याच द्या आणि मोकळे व्हा' हा हिशेब मोहक आहे. एक्सेलच्या टीममध्ये काम केलेल्या जोएल स्पोल्स्की यांनी त्यातली खोच बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवली आहे: प्रत्येकाचे वीस टक्के वेगळे असतात. एकाला शब्दगणना हवी, दुसऱ्याला पिव्होट, तिसऱ्याला फक्त रंगीत सेल. तुमच्या साठ फंक्शन्सच्या यादीत ज्याचं एकच फंक्शन नाही, त्याच्यासाठी प्रोग्राम नापास.

त्यांनीच असंही लिहिलंय की नव्वदीच्या सुरुवातीला ग्राहकांकडे जाऊन पाहिलं, तर बहुतेक जण एक्सेलमध्ये फॉर्म्युले लिहीतच नव्हते. याद्या करत होते! रो, कॉलम, नावं, खुणा. आकडेमोडीच्या यंत्राचा मुख्य उपयोग चौकटी आखलेल्या कागदासारखा.

म्हणून माझं मत: फंक्शन्स मोजू नका. यादी उत्तम हाताळणारा प्रोग्राम करा, आणि फंक्शन्स माणसाला स्वतःची घडवता येतील अशी सोय द्या. एक्सेलमध्ये २०२० मध्ये लॅम्डा आलं. साध्या फॉर्म्युल्यातूनच नवीन फंक्शन बनवता येतं, मॅक्रो लागत नाही. गाभा लहान ठेवायचा तर हा मार्ग बरा दिसतो.

निवांत

लॅम्डा वगैरे डोक्यावरून गेलं. पण एक भीती सांगू? ऑफिसात एका 'तज्ज्ञा'ची फाइल माझ्याकडे आली. ते गृहस्थ दुसरीकडे गेलेत. प्रत्येक सेलमध्ये तीन-तीन ओळींचे फॉर्म्युले. एकाला हात लावला की चौदा ठिकाणी एरर. उद्या लोक स्वतःची फंक्शन्स बनवायला लागले तर माझ्यासारखीला फाइल उघडायचंच धाडस होणार नाही.

आणि जाणकारांना एक प्रश्न, धाग्याला सोडून आहे, चालेल का? माझी खर्चाची यादी आहे: तारीख, कशावर, किती. मला महिन्यावार आणि प्रकारावार बेरजा हव्यात. सध्या मी फिल्टर लावते, खाली जी बेरीज दिसते ती बघते आणि दुसऱ्या शीटवर हाताने लिहिते.

तळटीप

@निवांत, धाग्याला सोडून अजिबात नाही. तुम्हाला हवंय त्यालाच पिव्होट म्हणतात. यादीत कुठेही उभ्या राहा, इन्सर्टमधून पिव्होट टेबल घ्या. 'कशावर' उभ्या बाजूला ओढा, 'तारीख' आडव्या बाजूला, 'किती' मधल्या जागेत. तारखा सुट्या दिसल्या तर त्यांवर राइट क्लिक करून ग्रुप, मग महिने. नवीन रो घातल्या की रिफ्रेश करायला विसरू नका. आणि मूळ यादीत रिकाम्या रो किंवा मधूनच घातलेल्या बेरजा असतील तर त्या आधी काढा, नाहीतर यादी अर्धवटच घेतली जाईल किंवा बेरजा दुप्पट दिसतील.

निवांत

अहो जमलं!! इतकी वर्षं कोणी सांगितलं का नाही?

आता प्रत्येक महिना आधीच्या महिन्यापेक्षा किती टक्क्यांनी वाढला ते कसं दाखवायचं?

जुनाखेळाडू

झालं, गेल्या तुम्ही कामातून. काल चार फंक्शन्स पुरत होती. हलके घ्या.

मोजपट्टी

हे वाचून आम्ही दोघंही जरा गप्प झालो. पिव्होट 'मुरलेल्यांची गोष्ट' म्हणून बाहेर ठेवला होता. मागणी नेमकी तिथून आली जिथून येणार नाही असं धरलं होतं.

जुनाखेळाडू

पिव्होटचं मूळ सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. १९९१ मध्ये लोटसने नेक्स्ट कॉम्प्युटरसाठी इम्प्रूव्ह नावाचा प्रोग्राम काढला, पुढे विंडोजवरही आणला. त्यात डेटा वेगळा, फॉर्म्युले वेगळे आणि तो बघायची मांडणी वेगळी. फॉर्म्युल्यात ए१, बी२ नाही, सरळ नावं: नफा म्हणजे विक्री वजा खर्च. उभं आडवं करायचं तर नुसतं ओढायचं. मॉडेल बांधणाऱ्यांनी डोक्यावर घेतला. पण बाजारात चालला नाही. त्यात काहीही करण्याआधी रचना ठरवावी लागायची. स्प्रेडशीट मात्र लोक उघडतात तेच रचना ठरलेली नसताना. कुठल्याही सेलमध्ये काहीही खरडता आलं पाहिजे, नंतर बघू.

त्यातली ओढून उलटसुलट करायची कल्पना १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये पिव्होट म्हणून रुळली. खरडायला मोकळा कागद हवा आणि त्याच कागदावर नंतर शिस्त आणता आली पाहिजे. दोन्ही एकाच जागी. तुम्ही दोन वेगळे प्रोग्राम केलेत तर लोक पहिल्यातच राहतील आणि दुसऱ्यातल्या गोष्टी पहिल्यात मागतील.

शून्यवजा

+१. हा प्रतिसाद जपून ठेवतो.

मोजपट्टी

आता आमच्या डोक्याला झालेला खरा ताप. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलचा आताचा फाइल-साचा. फाइल कोणीतरी पाठवतं, आमच्याकडे उघडते, दोन सेल बदलून सेव्ह करून परत जाते. मूळ फाइलमध्ये पिव्होट, कंडिशनल फॉरमॅटिंग (अटीनुसार सेल रंगवणं), ड्रॉपडाउन, काय काय असतं. आमच्या प्रोग्रामला त्यातलं जे कळत नाही ते सेव्ह करताना गायब होतं. पाठवणाऱ्याला वाटतं आम्ही मुद्दाम पुसलं. काय करावं?

शून्यवजा

एक्सएलएसएक्स ही मुळात एक्सएमएल (खुणा घातलेल्या मजकुराच्या) फायलींची झिप केलेली पिशवी असते. जे कळत नाही ते उचलून जसंच्या तसं परत ठेवा.

पण सांभाळून. वरच्या बाजूला एक रो घातली की तुम्ही न वाचलेल्या भागांतले पत्ते चुकीचे होतात. कंडिशनल फॉरमॅटिंग 'डी२ ते डी५०' म्हणतंय आणि डेटा तर 'डी३ ते डी५१' वर सरकलाय. म्हणजे न कळलेली गोष्ट जपूनही खोटी ठरते. सेलमधल्या किंमती बदलल्या तर जपा. रो-कॉलमची रचना बदलली तर थांबा आणि सेव्ह करण्याआधी नावानिशी सांगा: या फाइलमध्ये अमुक तीन गोष्टी आहेत, त्या टिकणार नाहीत, प्रत वेगळी करू का?

आणि सुसंगततेची हौस किती महागात पडते त्याचा नमुना. लोटस १-२-३ ने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, जे ते नव्हतं. लोटसच्या फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून उचलली. आजही एक्सेलच्या तारखांत २९ फेब्रुवारी १९०० आहे. तुम्हालाही एक्सएलएसएक्स उघडायचं तर ती पाळावी लागणार.

उभीआडवी

सहमत. आणि अपूर्णांकांबद्दलही आधीच ठरवून टाका. एक्सेलमध्ये ४ भागिले ३, वजा १, गुणिले ३, वजा १ हे करा. उत्तर शून्य येतं. आता त्याच फॉर्म्युल्याला बाहेरून एक कंस घाला. उणे २.२२, दहाचा उणे सोळावा घात! आतलं गणित द्विमान पद्धतीचं आहे, त्यात तिसरा हिस्सा नेमका बसत नाही. शेवटची पायरी वजाबाकीची असेल तर एक्सेल शून्याच्या जवळचं उत्तर शून्य करून टाकतं, आणि कंस घातला की ती सफाई होत नाही. दशमान गणित वापरलं तर ०.१ अधिक ०.२ नीट येईल, पण तिसरा हिस्सा तिथेही अपुराच राहील आणि वेग कमी होईल. कुठलंही निवडा, पण एकच नियम सगळीकडे लावा. ही अर्धवट सफाई सर्वांत वाईट, कारण 'दोन रकमा समान आहेत का' ही तपासणी कधी हो म्हणते, कधी नाही.

निवांत

मला यातलं निम्मं कळलं नाही, पण 'कधी हो कधी नाही' मी अनुभवलंय. दोन्ही बेरजा सारख्या दिसतात आणि फॉर्म्युला म्हणतो सारख्या नाहीत. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय.

मोजपट्टी

चर्चेतून आम्ही काय ठरवलं ते लिहितो, मग धागा तुमच्या हवाली.

फंक्शन्स साठच राहतील, वर नावं देऊन स्वतःची बनवता येतील, पण त्या प्रत्येकाची व्याख्या त्याच फाइलमध्ये एका शीटवर उघडी दिसेल. लपवायची सोय नाही. निवांत यांच्या तज्ज्ञ गृहस्थांसाठी खास. पिव्होट येणार, मात्र 'गटवार बेरीज' या नावाने आणि मूळ यादी बदलली की आपोआप बदलणारा. कीबोर्ड आधी, चार्ट नंतर. सीएसव्ही उभीआडवी म्हणतात तसं. एक लाख रोंच्या पुढची फाइल आम्ही उघडणारच नाही, आणि का उघडत नाही ते सांगू. शून्यवजा यांच्या एसक्यूलाइटचं नावही त्या संदेशात घालू. मॅक्रो नाहीत, यावर ठाम.

सूत्रधार

एक लाख चालेल. मॅक्रोंवाचूनही जगेन. पण एक विचारतो: सर्क्युलर रेफरन्सचं काय? व्याज शिलकीवर अवलंबून, शिल्लक व्याजावर अवलंबून, अशी वर्तुळं माझ्या फायलींत मुद्दाम ठेवलेली असतात. एक्सेलमध्ये इटरेशन (तेच गणित पुन्हा पुन्हा करणं) चालू करून ती सुटतात.

मोजपट्टी

आम्ही इटरेशन देणार नाही. वर्तुळ आढळलं की त्यातले सगळे सेल दाखवू आणि एरर देऊ.

सूत्रधार

मग माझ्या निम्म्या फायली तुमच्याकडे एररने भरलेल्या उघडतील. तोच "खेळणं आहे" वाला प्रसंग परत.

मोजपट्टी

नाही. एक्सएलएसएक्समध्ये फॉर्म्युल्याच्या शेजारी त्याचं शेवटचं उत्तरही साठवलेलं असतं. आम्हाला जो फॉर्म्युला मोजता येत नाही तिथे ते जुनं उत्तर दाखवायचं, पण वेगळ्या रंगात. त्यावर अवलंबून असलेले सगळे सेलही त्याच रंगात. तुम्ही गृहीतक बदललंत तर ते आकडे हलणार नाहीत, आणि हलत नाहीत हे रंगावरून कळेल.

सूत्रधार

म्हणजे वाचायला चालेल, काम करायला नाही. ठीक आहे. बैठकीआधी दुसऱ्यांची मॉडेलं चाळायला मी हा वापरेन, स्वतःची बांधायला नाही. एफ-४ झालं की कळवा, एक घाणेरडी फाइल पाठवतो.

निवांत

मला टक्केवारीचं अजून कोणी सांगितलेलं नाही.

तळटीप

पिव्होटमधल्या आकड्यावर राइट क्लिक, 'शो व्हॅल्यूज अ‍ॅज', मग 'टक्के फरक', बेस फील्ड महिना, बेस आयटम 'आधीचा'. पहिला महिना रिकामा दिसेल, ते बरोबर आहे.